लेझरच्या खोलीत नेण्याआधी एक मराठी कागद द्या

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : काचबिंदूच्या रुग्णांना लेझरपूर्वी माहिती देण्याबाबत

महोदय,

ठाण्यात लोकमान्यनगरला माझं औषधांचं दुकान आहे. काचबिंदूच्या थेंबांची बाटली साधारण महिनाभर पुरते, त्यामुळे ते नेणारं कोण यायचं थांबलं हे लगेच लक्षात येतं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "लेझर झालं ना, आता थेंब कशाला?" डॉक्टरांनी बंद करायला सांगितलेत का, यावर मात्र बरेच जण घुटमळतात.

एका आजींना वाटत होतं की लेझरनंतर हळूहळू स्पष्ट दिसू लागेल. तसं झालं नाही म्हणून त्यांनी तपासणीच सोडली. शेजारणीला मोतीबिंदू काढल्यावर लख्ख दिसायला लागलं, मग आपल्यालाच का नाही, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. काचबिंदूत दृष्टीची नस खराब होते, गेलेली नजर कोणत्याच उपचारानं परत येत नाही आणि लेझर करायचं ते उरलेली टिकवण्यासाठी, हे त्यांना आधी कुणी समजावलंच नव्हतं. संमतिपत्रावर अंगठा मात्र घेतला होता.

त्यात काचबिंदूचं लेझर एका प्रकारचं नसतं. डोळ्यातलं पाणी बाहेर जायचा कोन अरुंद असेल, तर रंगीत पडद्याला बारीक छिद्र पाडतात. कोन उघडा असून डोळ्यातला दाब वाढलेला असेल, तर पाणी झिरपण्याच्या जाळीवर हलकं लेझर देतात, त्याला एसएलटी म्हणतात. दोन्ही बसल्या जागी, बधिर करणारा थेंब टाकून काही मिनिटांत होतात. घरी आल्यावर दोन्हींचं नाव एकच, 'लेझर'. ऐकणाऱ्या नातेवाइकाला तर ते चष्मा घालवायचं लेझर वाटतं!

एसएलटीचा पूर्ण परिणाम कळायला काही आठवडे जातात. नेमक्या याच काळात लोक मनानं थेंब बंद करतात. काही वर्षांनी परिणाम ओसरूही शकतो, तेव्हा डॉक्टर ते पुन्हा करू शकतात. पण तपासणीलाच कुणी आलं नाही तर दाब वाढल्याचं कळणार कसं? काचबिंदू बहुतेकदा दुखत नाही.

लेझरबद्दल माझी तक्रार नाही, उलट ते जास्त लोकांना मिळावं. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. उघड्या कोनाच्या काचबिंदूत किंवा वाढलेल्या दाबात सुरुवातीलाच एसएलटी केलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के जणांचा दाब तीन वर्षांनी थेंबांशिवाय आटोक्यात होता. २०२२ पासून तिथल्या मार्गदर्शक सूचनांतही अशा अनेक नव्या रुग्णांना आधी एसएलटी सुचवतात. (माझा गल्ला यानं कमीच होईल, पण ते असो.) चाचणीतल्या उरलेल्यांना थेंब लागलेच, आणि तपासणी तर कुणाचीच सुटली नाही. आपल्याकडे अरुंद कोनाचा काचबिंदूही बराच आढळतो, म्हणून आधी कोन तपासून घ्यावाच लागतो. "अमक्याला केलं, मलाही करा" हे इथे चालत नाही.

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. मोतीबिंदूचं शिबिर म्हणजे काय, हे आज गल्लीतल्या पोरालाही कळतं. काचबिंदूसाठी माझं मागणं छोटं आहे : सरकारी आणि पालिका रुग्णालयांत सही घेण्याआधी एक पानी कागद द्यावा. मराठीत, आणि मुंब्रा-भिवंडीचा विचार करून हिंदी-उर्दूतही. अक्षर ठसठशीत हवं, वाचणाऱ्याची नजर अधू आहे हे छापणाऱ्यानं विसरू नये. कोणतं लेझर, कोणत्या डोळ्याला, थेंब चालू की बंद आणि दाब मोजायची पुढची तारीख, एवढं डॉक्टरांनी हातानं भरावं. घरी गेल्यावर डोळा फार दुखला किंवा अचानक अंधुक दिसलं तर कुठे यायचं, तेही त्यावर असावं. सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी तपासून घ्यावं ही ओळही हवी, कारण त्यांना धोका जास्त असतो. वाचता न येणाऱ्यांना नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांनी तो वाचून दाखवावा आणि समजलेलं त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावं. पाच मिनिटांचं काम आहे.

कागद तयार झाला की काही गठ्ठे आमच्या दुकानातही पाठवा. थेंबांच्या पिशवीत घालून देऊ.

आपला,
ठाण्यातील एक औषध विक्रेता