इतिहासाचा तास वर्गाबाहेर न्या

संपादक साहेब,

आमच्या घरी आठवीतली मुलगी इतिहासाची उत्तरं अक्षरशः घोकते, पेपर झाला की सगळं विसरते, अन यात तिचा काहीच दोष नाही कारण शाळेत धडा वाचायचा, गाईडमधून प्रश्नोत्तरं उतरवायची, संपलं. अहो, आपण नागपुरात राहतो! सीताबर्डीला मुलं शॉपिंगला जातात पण त्याच टेकडीवर नोव्हेंबर 1817 मध्ये नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य इंग्रजांशी लढलं हे किती जणांना माहीत असतं? टेकडीवरचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, एरवी बंद असतो, पण 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्टला लोकांसाठी उघडतात, मग झेंडावंदन झालं की शाळांनी पोरांना तिकडेच न्यावं ना. राष्ट्रीय झेंडा फडकवण्याच्या हक्कासाठीचा 1923 चा झेंडा सत्याग्रह आपल्याच शहरात झाला, जमनालाल बजाज पकडले गेले अन मग वल्लभभाई पटेल इथं येऊन लढा चालवत होते, हे नाटक करून वर्गात उभं केलं तर कोण विसरेल? अजब बंगला, म्हणजे आपलं मध्यवर्ती संग्रहालय, तर 1863 पासून आहे, तिथं एखादी वस्तू निवडून मुलांनी तिच्यावर पानभर लिहावं, कॉपी करताच येणार नाही.

अन परीक्षेत नुसत्या सनावळ्या नका विचारू, अप्पासाहेबांच्या जागी तू असतास तर इंग्रजांशी तह केला असतास का, असं विचारा. शिक्षकांवर सिलॅबसचं ओझं आहे हे मान्य, म्हणून शिक्षण विभागानंच टर्ममध्ये दोन दिवस यासाठी राखून ठेवावेत.

– एक पालक, नागपूर