सुट्टीतल्या वाचनात अद्भुतालाही जागा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांनी सुट्टीत काय वाचावे याची यादी आली. चरित्रे, विज्ञान, प्रवास सगळे त्यात आहे. जादू, राक्षस, उडते घोडे यांना मात्र जागा नाही. ‘असले वाचून पोरे भलत्याच जगात रमतात’ असे म्हणणारे पालक आपल्या जळगाव-धुळ्याकडे पुष्कळ आहेत. आमचे मत वेगळे आहे. चांगल्या अद्भुतकथेइतके कडक नियम दुसऱ्या कुठल्या गोष्टीत सापडायचे नाहीत. जादूला मर्यादा कोणती, ती वापरल्यावर किंमत कोण मोजतो आणि स्वतः घातलेला नियम लेखक शेवटपर्यंत पाळतो का, एवढे तीन प्रश्न विचारून पुस्तक उचलले की सहसा फसगत होत नाही. या कसोटीला उतरलेली, आमच्या आवडीची काही पुस्तके, मालिका आणि चित्रे इथे सुचवतो.

सुरुवात वेताळापासूनच करावी. उत्तर ठाऊक असून राजा गप्प बसला तर त्याच्या डोक्याची शकले होणार आणि बोलला तर मौन मोडले म्हणून वेताळ पुन्हा झाडावर जाणार. राजाला दोन्ही बाजूंनी बांधणारा हा नियम पंचवीस गोष्टी पेलतो. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त या गोष्टी आणल्या, पण त्यातला राजा त्रिविक्रमसेन राज्य करतो ते गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानात, म्हणजे आपल्या पैठणला! विकत घेताना पुस्तकाची शेवटची पाने आधी उघडावीत. राजाला उत्तर सुचत नाही म्हणून तो खरोखरच गप्प राहतो ती गोष्ट आणि त्यानंतर राजाला प्रेत आणायला पाठवणाऱ्या क्षांतिशील भिक्षूचे कपट उघडे पडते तो भाग, हे दोन्ही हवे. त्या गोष्टीतला नात्यांचा गुंता अवघड वाटतो म्हणून मुलांच्या संक्षिप्त आवृत्त्यांत बरेचदा हाच शेवट गाळलेला असतो. तो गाळला की राजाने एवढ्या खेपा कशासाठी घातल्या ते कळतच नाही.

वाचून दाखवायची तर एका रात्री एकच गोष्ट, आणि वेताळाचा प्रश्न आला की पुस्तक मिटायचे. मंदारवतीची गोष्ट घ्या. तिच्या मृत्यूनंतर तिला मागणी घालणाऱ्या तिघांपैकी एक तिच्या राखेवर झोपतो, दुसरा अस्थी गंगेला नेतो, तिसरा मेलेल्याला उठवणारा मंत्र मिळवून आणतो. ती जिवंत झाल्यावर बायको कोणाची? मुलांना पाच-सात मिनिटे भांडू द्यावे. बहुतेकांचे मत मंत्रवाल्याकडे जाते. मग राजाचे उत्तर सांगावे: जीव दिला तो बाप, अस्थी नेल्या तो मुलगा, राखेला सोडून गेला नाही तो नवरा. हे उत्तर लगेच सांगून टाकणे ही नेहमीची चूक, कारण मग मुले प्रश्नाऐवजी उत्तराचीच वाट पाहू लागतात. घरात अहिराणी चालत असेल तर वेताळाला अहिराणीतच बोलू द्यावे. ‘तू बोलना, मी चालनू’ म्हटल्यावर पोरे जी हसतात, ती पुस्तकी मराठीला हसत नाहीत. रामानंद सागरांची ‘विक्रम और बेताल’ ही १९८५ ची दूरदर्शन मालिकाही अजून बघण्यासारखी आहे. तिच्यातल्या करामती जुन्या झाल्या, पण अरुण गोविल आणि सज्जन यांच्यातली जुगलबंदी टिकली आहे. ‘चांदोबा’चे जुने अंक कोणाच्या माळ्यावर असतील तर तेही खाली काढा. तलवार हातात, प्रेत खांद्यावर आणि मागे झाडांच्या वाकड्या फांद्या असे चित्रकार शंकर यांचे चित्र आहे. फांद्यांच्या रेषा आणि प्रेताच्या हातांच्या रेषा एकाच वळणाने कशा जातात, ते मुलांना बोटाने दाखवावे.

पाचवी-सहावीपासून टोल्किनचा ‘हॉबिट’ (१९३७) घ्यावा. प्रकरणे १९ आहेत. पहिल्या प्रकरणात तेरा बुटके एकापाठोपाठ येतात आणि नावांच्या गर्दीत मूल पुस्तक खाली ठेवते. नावे पाठ करायची गरज नाही, थोरिन, बालिन आणि जाडा बॉम्बुर एवढे तिघे लक्षात राहिले तरी भागते. पाचवे प्रकरण काळोखातल्या कोड्यांचे. ते दोघांनी दोन आवाजांत वाचावे. अनुवाद वाचत असाल तर कोड्यांची गंमत थोडी उणी होते, तिथे आपल्या घरातली एखाद-दोन कोडी बेलाशक घालावीत. मुद्रिकेची मोठी कथा (‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’) लिहिताना हे प्रकरण तिच्याशी जुळेना, म्हणून टोल्किनने ते बदलून घेतले आणि १९५१ च्या आवृत्तीत नवे रूप छापले. स्वतःच्या नियमाशी लेखक किती प्रामाणिक असावा, त्याचा हा चांगला दाखला.

आमचे सर्वांत आवडते पुस्तक मात्र अर्सुला ले ग्विनचे ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८). प्रकरणे दहाच, इंग्रजी सोपे, त्यामुळे नववी-दहावीचा विद्यार्थी शब्दकोश जवळ ठेवून वाचू शकतो. इथे वस्तूचे खरे नाव कळल्याशिवाय तिच्यावर जादू चालत नाही. शिवाय प्रत्येक जादूने जगाचा तोल हलतो: एका बेटावर पाडलेला पाऊस दुसरीकडचा दुष्काळ ठरू शकतो. अवर्षणाची झळ सोसलेल्या आपल्या भागातल्या मुलाला हे समजावून सांगावे लागत नाही. पुस्तकात बेटांचा नकाशा असतो, तो ट्रेसिंग पेपरवर उतरवून नायक गेडचा प्रवास पेन्सिलीने आखत जावा. नकाशा न बघता वाचणारे सहाव्या-सातव्या प्रकरणाच्या सुमारास हमखास भरकटतात.

पडद्यावरचे थोडक्यात. ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ ही २००५ ते २००८ ची कार्टून मालिका. तीन पर्व, ६१ भाग, प्रत्येक भाग २३ मिनिटांच्या आसपास. पाणी, माती, अग्नी, वारा या चार विद्यांच्या हालचाली चार वेगवेगळ्या चिनी युद्धकलांवर बेतल्या आहेत, पाण्याची ताई चीवर, मातीची हुंग गारवर. म्हणून पात्राचे पाय बघितले तरी पुढे काय येणार ते ओळखता येते. सुरुवातीचे काही भाग बाळबोध वाटतील, पण पहिल्या पर्वाच्या बाराव्या भागापर्यंत धीर धरावा. ‘अवतार’ याच नावाच्या निळ्या माणसांच्या चित्रपटाशी हिचा काही संबंध नाही. मियाझाकींचा ‘स्पिरिटेड अवे’ (२००१) हा जपानी कार्टूनपट सहकुटुंब बघावा, त्यात नाव हिरावले की माणूस परतीची वाट विसरतो. दुष्ट शक्तींशी झुंजणारा ‘समर्थ’ हा नायक असलेल्या नारायण धारपांच्या समर्थकथा आठवीनंतर. ‘तुंबाड’ (२०१८) मात्र प्रौढांसाठीच. पिठाच्या रिंगणाचा नियम त्यात जितका चोख पाळला आहे, तितका भारतीय पडद्यावर क्वचितच दिसतो.

आता चित्रे, आणि ती आपल्या दारातच आहेत. जळगावहून अजिंठा साठेक किलोमीटर. सहली जातात, पहिल्या लेण्यातले पद्मपाणीचे चित्र बघतात आणि परततात. आमचा आग्रह सतराव्या लेण्याचा. आत शिरल्यावर उजव्या भिंतीवर सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची कथा आहे. पाचव्या शतकातल्या चित्रकारांनी रंगवलेली ही सलग अद्भुतकादंबरीच म्हणावी. जहाज फुटते, व्यापारी राक्षसिणींच्या बेटाला लागतात, त्या सुंदर बायकांचे रूप घेऊन त्यांना ठेवून घेतात. सुटकेला पांढरा उडता घोडा येतो. त्याची अट एकच, मागे वळून बघायचे नाही. जे बघतात ते खाली पडतात आणि खाल्ले जातात. पुढे एक राक्षसीण सिंहलाच्या मागे थेट राजवाड्यात पोहोचते, तो भाग भिंतीसमोरच वाचून दाखवावा.

चित्र डावीकडून उजवीकडे वाचायला जाल तर काही लागणार नाही. तिथे प्रसंग काळाप्रमाणे मांडलेले नाहीत, स्थळाप्रमाणे आहेत: समुद्र एकीकडे, बेट एकीकडे, राजवाडा एकीकडे, आणि एकच माणूस जागोजागी पुन्हा दिसतो. म्हणून आधी घोडा शोधा, मग जहाज, मग हत्तींची लढाई. उन्हातून आत आल्यावर निदान दहा मिनिटे डोळे सरावू द्यावेत. पहिल्या दोन मिनिटांत ‘काही दिसत नाही’ म्हणून बाहेर पडणारेच जास्त. फ्लॅशला बंदी आहे, छोटी दुर्बीण फार उपयोगी पडते. सोमवारी लेणी बंद असतात आणि फर्दापूरच्या फाट्यावर गाडी लावून पुढे बसने जावे लागते, तेवढा वेळ हाताशी ठेवावा.

घरी आल्यावर मुलांकडून एक प्रसंग रंगवून घ्यावा, आणि तोही मातीच्या रंगांत. अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यावरची नाहीत. मातीच्या कोरड्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन ती काढली आहेत. जाड पुठ्ठ्यावर खडूची पूड आणि डिंकाचे पाणी यांचे दोन हात द्यावेत, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा. डिंकाचे पाणी म्हणजे एक चमचा बाभळीचा डिंक चार चमचे कोमट पाण्यात रात्रभर भिजवून फडक्यातून गाळलेले. गेरू, पिवळी माती आणि काजळी वेगवेगळ्या वाटीत, एक चमचा पुडीला साधारण अर्धा चमचा हे पाणी. निळ्यासाठी कपड्यांची पुडीतली नीळ चालते. अजिंठ्यातला निळा लाजवर्दाच्या दगडाचा, आणि पुडीतली नीळ म्हणजे तोच रंग कारखान्यात केलेला. बाटलीतली पातळ नीळ घेऊ नये, ती पुठ्ठ्यात पसरते. आधी गेरूने रेघ, मग सपाट रंग, शेवटी पुन्हा गडद रेघ, हाच तिथला क्रम आहे. वाळल्यावर बोटाला रंग लागला तर डिंक कमी पडला, बारीक भेगा पडल्या तर जास्त झाला. ओला रंग गडद दिसतो आणि वाळला की उजळतो, म्हणून आधी कडेला ठिपका देऊन वाळू द्यावा.

पुढची यादी छापाल तेव्हा निदान वेताळाच्या पंचवीस गोष्टी आणि सतरावे लेणे तीत असावे, ही विनंती.

आपले,
वाचनालयांचे बालविभाग सांभाळणारे काही कार्यकर्ते,
अमळनेर, जि. जळगाव