डॉक्टरला खरं सांगायचं की नाही? केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

मा. श्रीमती निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री, नवी दिल्ली

महोदया,
सादर नमस्कार.

मी सांगलीत राहते. एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात अठ्ठावीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. विम्याचा कारभार आपल्या खात्याकडे येतो, म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे. माझ्या थोरल्या भावाच्या मेडिक्लेमची हकीकत आहे. आमचे पैसे शेवटी मिळाले, त्यामुळे स्वतःसाठी आता काही मागायचं नाही. पण त्या अकरा महिन्यांत माझ्या वहिनींनी एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर मला देता आलेलं नाही.

फेब्रुवारी २०२५मधली गोष्ट. रात्री दीडच्या सुमाराला दादाच्या छातीत कळ आली. वहिनी आणि शेजारचा मुलगा त्याला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले. ड्युटीवरच्या पोरसवदा डॉक्टरने ईसीजीच्या पट्टीवरची नजर न काढता विचारलं, "बीपी आहे का? किती वर्षांपासून?" वहिनींच्या हातात दादाच्या चपला होत्या. त्या म्हणाल्या, "असेल पाच-सहा वर्षं." त्याने केसपेपरवर लिहिलं, 'बीपी, ६ वर्षे' आणि तो पुढच्या कामाला लागला. त्याचं काही चुकलं नाही. पहाटे अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला, दादा वाचला.

दादाची पॉलिसी जुलै २०२०ची, कोरोनाच्या धास्तीने काढलेली. कंपनीने हिशेब मांडला: २०२५मधून सहा वर्षं वजा केली की २०१९ येतं, म्हणजे पॉलिसी घेताना बीपी होतं आणि ते लपवलं. आधी कॅशलेस नाकारलं आणि बिल भरून नंतर क्लेम करा, असं सांगितलं. एप्रिलमध्ये तो क्लेमही एका वाक्यात फेटाळला: 'पूर्वीपासूनच्या आजाराची माहिती दडवल्यामुळे.' दोन लाख चौऱ्याऐंशी हजारांचं बिल होतं. वहिनींच्या पाटल्या गहाण पडल्या.

दादाला बीपीची गोळी सुरू झाली २०२२मध्ये. आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे अजून कार्डं ठेवतात. त्यांनी दादाचं कार्ड काढून दाखवलं. जानेवारी २०२१ला कंबरदुखीसाठी तो गेला होता, तेव्हाची नोंद १२४/८०. डॉक्टरांनी लेटरहेडवर लिहून दिलं, कार्डाची झेरॉक्स जोडली. कंपनीचं उत्तर आलं की हे प्रमाणपत्र नंतर मिळवलेलं आहे. डॉक्टरांना कंपनीतून एक फोनसुद्धा आला नव्हता. बँकेत आम्ही पन्नास हजारांचं कर्ज नाकारतानाही माणसाला समोर बसवून बोलत होतो.

पॉलिसीचा अर्ज कसा भरला गेला तेही सांगते, कारण लपवालपवीचे सगळे आरोप त्या अर्जावर उभे राहतात. एजंट घरी आला. मोबाइलवर अर्ज उघडून त्याने विचारलं, "काका, बीपी-शुगर काही नाही ना?" दादा "नाही" म्हणाला, आणि ते तेव्हा खरंच होतं. बाकीच्या प्रश्नांपुढे एजंटनेच 'नाही' टिचकवलं आणि ओटीपी मागितला. पंचावन्न वर्षांच्या माणसाला पॉलिसी देताना साधं बीपीसुद्धा कोणी मोजलं नाही. मोजलं असतं तर वाद उरलाच नसता. हप्ता घेताना तपासणीची गरज वाटत नाही आणि पैसे द्यायची वेळ आली की केसपेपरची ओळन् ओळ तपासली जाते, याचा मला मनापासून राग येतो.

आता वहिनींचा प्रश्न. दादाच्या शेजारच्या खाटेवर तासगावकडचे एक गृहस्थ होते. त्यांच्या मुलाने वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं, "काकू, तुम्ही चूक केलीत. दवाखान्यात जुनं काही सांगायचं नसतं. विचारलं तर म्हणायचं, आजच कळलं." त्यानंतर हाच सल्ला मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकला की मोजणं सोडून दिलं. त्यात एक नर्स होती, एक विमा एजंटही होता. क्लेम फेटाळल्याचं पत्र आलं त्या संध्याकाळी वहिनींनी मला विचारलं, "पुन्हा ह्यांना न्यायची वेळ आली तर डॉक्टरला खरं सांगायचं की नाही?"

महोदया, छातीत कळ आलेल्या माणसाला आधीपासून काय आहे, कोणती गोळी चालू आहे, रक्त पातळ करायचं औषध घेतो का, हे कळल्याशिवाय डॉक्टर उपचार कसे करणार? केसपेपरवरची ती ओळ रोग्याचा जीव वाचावा म्हणून लिहून घेतात. तीच ओळ क्लेम मारायला वापरली जाते हे लोकांना कळलं, की लोक डॉक्टरशी खोटं बोलायला लागतात. लागलेच आहेत. एखादा रोगी अशाने दगावला तर त्याची नोंद कोणत्याही अहवालात होणार नाही.

नियम नाहीत असं मी म्हणत नाही. या भानगडीत पडल्यावर मी ते शोधून वाचले. विमा नियामक प्राधिकरणाने २९ मे २०२४ला काढलेलं आरोग्य विम्याचं परिपत्रक चांगलं आहे. कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा. डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची, उशीर झाला तर दवाखान्याचा वाढीव खर्च कंपनीने भागधारकांच्या पैशातून सोसायचा. कंपनीच्या आढावा समितीच्या मान्यतेशिवाय क्लेम फेटाळायचा नाही, आणि फेटाळताना पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा हवाला द्यायचा. दादाची फाइल सकाळी अकराला गेली. नकार आला रात्री साडेसातला. तोपर्यंत तो कपडे घालून खाटेवर बसून होता आणि त्या दिवसाचं खोलीभाडं आम्हीच भरलं. हा नियम मला माहीत नव्हता, दवाखान्याच्या विमा डेस्कवरच्या मुलीलाही माहीत नव्हता.

त्याच वर्षी आणखी एक चांगला बदल झाला. सलग साठ महिने पॉलिसी चालू राहिली, की फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज माहिती दडवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. दादाला दुखणं आलं तेव्हा पंचावन्न महिने झाले होते. पाच महिने कमी पडले. आणि पूर्वीपासूनच्या आजारासाठी थांबायची मुदत, म्हणजे त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, तर त्याच्या पॉलिसीत चार वर्षांचीच होती, ती उलटून गेली होती. म्हणजे दादाने २०२०ला बीपी असल्याचं सांगितलं असतं, तर फार तर हप्ता थोडा वाढला असता, आणि हाच क्लेम कंपनीला द्यावा लागला असता. कंपनीचं म्हणणं जसंच्या तसं खरं धरलं, तरी तिचं नुकसान झालं ते हप्त्यातल्या त्या फरकाएवढंच. ब्रिटनमध्ये २०१२च्या कायद्याने हा हिशेब सरळ केला आहे. माहिती देण्यात निष्काळजीपणा झाला असेल, तर खरी माहिती मिळाल्यावर कंपनीने काय केलं असतं ते बघतात. जास्त हप्ता लावला असता, तर त्या प्रमाणात क्लेमची रक्कम कमी करून बाकीची देतात. जाणूनबुजून फसवणाऱ्याला वेगळा न्याय आहे. आपल्याकडे हा भेद कायद्यात स्पष्ट का असू नये?

खोटे क्लेम होतात हे मी नाकारत नाही. बँकेत बनावट सात-बारे पाहिलेत मी. न झालेल्या उपचारांची बिलं काढणारे आणि विमा आहे म्हटलं की खर्च फुगवणारे दवाखाने आहेतच, त्यांना जरूर धरावं. पण नियामकाच्याच अहवालातले आकडे बघा. २०२३-२४मध्ये सुमारे १.१७ लाख कोटी रुपयांचे आरोग्य विम्याचे क्लेम आले, त्यांतले ८३,४९३ कोटी दिले गेले. शंभरातले एकाहत्तर. कंपन्या मात्र क्लेमची संख्या पुढे करतात, कारण तो आकडा ब्याऐंशीच्या पुढे जातो. रुपयांत मोजलं की चित्र बदलतं, आणि घर रुपयांत बुडतं. उरलेल्या रकमेतले १५,१०० कोटी पॉलिसीच्या अटींवर बोट ठेवून अमान्य केले, १०,९३७ कोटींचे क्लेम फेटाळले, बाकीचे वर्षअखेर प्रलंबित होते. हे सगळे लोक लबाड असतील, असं कोणाला वाटतं का?

आम्ही पुण्याच्या विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकून निकाल देणाऱ्या अधिकाऱ्यांकडे गेलो. तिथे वकील लागत नाही, फी नाही, पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात. ही सोय खरोखर चांगली आहे. जूनमध्ये तक्रार केली, सुनावणी व्हिडिओवर झाली. लोकपालांनी कंपनीच्या प्रतिनिधीला एकच प्रश्न विचारला, "२०२२च्या आधी यांनी बीपीची गोळी घेतल्याचा एक तरी कागद आहे का?" नव्हता. डिसेंबरमध्ये निकाल आमच्या बाजूने लागला आणि जानेवारीत पैसे आले. कंपनीचं काय बिघडलं? जे द्यायचंच होतं ते तिने उशिरा दिलं. निकालानंतर तीस दिवसांत पैसे दिले नाहीत तर दिवसाला पाच हजारांचा भुर्दंड आहे, पण निकालाआधीच्या महिन्यांचं काय? आणि जे लोकपालांपर्यंत पोचत नाहीत, त्यांचे पैसे तर कंपनीकडेच राहतात. दहा जणांना नकार द्यायचा, नऊ जण गप्प बसतात, असा हा व्यवहार झाला आहे.

म्हणून माझं मागणं असं. दवाखान्यात दाखल होताना रोग्याने किंवा नातेवाइकाने तोंडी सांगितलेली माहिती, तिला आधीच्या प्रिस्क्रिप्शनचा किंवा तपासणीचा आधार नसेल, तर क्लेम नाकारायला पुरावा म्हणून चालणार नाही, असं नियामकाला सांगून स्पष्ट लिहवून घ्यावं. या सगळ्यात मला हे सर्वांत महत्त्वाचं वाटतं. लोकपालांचे नियम केंद्र सरकारच करतं. त्यांत अशी भर घालावी की नकार चुकीचा ठरला, तर फेटाळल्याच्या दिवसापासून कंपनीला दंड लागेल. कोणत्या कंपनीचे किती नकार लोकपालांनी फिरवले, हे दर तिमाहीला जाहीर व्हावं, म्हणजे पॉलिसी घेणाऱ्याला ते आधी बघता येईल. आणि नकाराचं पत्र विमेदाराच्या भाषेत असावं. आमच्या वहिनी चांगल्या सातवी शिकलेल्या आहेत, पण इंग्रजी पत्र त्यांनी शेजारच्या मुलाकडून वाचून घेतलं, आणि 'तुम्ही माहिती दडवली' हे शब्द त्यांना त्याच्या तोंडून ऐकावे लागले.

आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी काढावा म्हणून जुलै २०२४मध्ये श्री. नितीन गडकरी यांनी आपल्याला पत्र लिहिलं होतं. नागपूरच्या विमा कर्मचाऱ्यांचं निवेदन त्यामागे होतं. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा तो कर गेला. त्याबद्दल आपले मनापासून आभार. मनावर घेतलं की होतं, हे त्यातून दिसलं, म्हणूनच एवढं सविस्तर लिहायचं धाडस केलं.

पाटल्या सोडवून आणल्या. दादा रोज सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत चालून येतो. जुलैमध्ये पॉलिसीचं नूतनीकरण आहे. वहिनींनी त्याच्या सगळ्या गोळ्यांची नावं आणि सुरू केल्याच्या तारखा एका वहीच्या पानावर लिहून घेतल्यात. पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. रात्री-अपरात्री जावं लागलं तर ते सोबत न्यायचं की घरीच ठेवायचं, हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही.

आपली विश्वासू,
सांगलीची एक निवृत्त बँक कर्मचारी