घोरपडीच्या शेडमधले एक तरी आल्को इंजिन चालते ठेवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पुण्याहून दौंडकडे आणि मिरजेकडे जाणाऱ्या दोन्ही मार्गांवर आता विजेच्या तारा आल्या आहेत. डिझेल वाचते, धूर थांबतो, गाड्या चटकन वेग घेतात. याचा मला आनंदच आहे. पण या बदलाच्या बातम्यांत खर्चाचे आणि वेगाचे आकडे असतात, निघून चाललेल्या, अमेरिकन आल्को कंपनीच्या आराखड्यावरच्या डिझेल इंजिनांबद्दल मात्र अवाक्षर नसते. या इंजिनांनी दोन-तीन पिढ्यांच्या पासधारकांना, दूधवाल्यांना आणि विद्यार्थ्यांना रोज पुण्यात आणून सोडले. त्यांतले एक तरी घोरपडीच्या डिझेल शेडने चालत्या स्थितीत जपावे, एवढ्यासाठी हे पत्र.

पुणे हे डिझेलचे गाव झाले, ते इथे तारा संपत होत्या म्हणून. जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने 1929 साली मुंबईकडून पुण्यापर्यंत वीज आणली ती 1500 व्होल्ट डीसीची, आणि पुढची कित्येक दशके ती पुण्याच्या पुढे गेलीच नाही. त्यामुळे मुंबईहून सोलापूरकडे आणि मिरजेकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांचे इंजिन पुण्यात बदलले जाई. विजेचे इंजिन सुटून पुढे जायचे, डिझेल मागे मागे येत डब्यांना लागायचे, धक्का बसला की चहाचे कप हिंदकळायचे. आम्ही मुले प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन ते जोडकाम पाहत असू. मिरजेचा मार्ग 1971 साली मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला आणि त्यावरही हीच इंजिने धावू लागली.

हे इंजिन म्हणजे डब्ल्यूडीएम-2 आणि त्याची पुढची भावंडे. मूळ आराखडा अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीचा, म्हणजे न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीच्या ‘आल्को’चा. पहिली इंजिने 1962 साली तिकडून आली आणि 1964 पासून वाराणसीच्या कारखान्यात ती तयार होऊ लागली. सोळा सिलिंडर, 2600 अश्वशक्ती, सहा आसांवर सहा मोटारी. याच आल्कोची इंजिने न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड रेल रोडवर चाकरमान्यांच्या गाड्या ओढत होती. तिकडे सकाळी कचेरीला निघालेला माणूस आणि उरुळीला खिडकी पकडून बसलेला आमचा पासधारक, दोघांच्या कानावर एकाच घराण्याच्या इंजिनाची धडधड पडत होती, हे मला फार उशिरा कळले आणि फार बरे वाटले. मूळ कंपनी 1969 साली बंद पडली. वाराणसीत मात्र तिच्या आराखड्यावरची इंजिने त्यानंतरही कित्येक वर्षे बनत राहिली.

त्या आवाजाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण नेमका तोच नाहीसा होतो आहे. गाडी उभी असताना इंजिन संथ, जड धडधडायचे आणि प्लॅटफॉर्मच्या फरशीतून ते तळपायांना जाणवायचे. सिग्नल पडला, ड्रायव्हरने पहिला नॉच, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवणाऱ्या दांड्याची पहिली पायरी, दिला, की आवाज खाली दबायचा आणि मग एकेक पायरी चढत जायचा. एकूण आठ नॉच. त्यावर इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोचार्जरची शीळ. नॉच वाढवला की डिझेल लगेच पोचते, पण टर्बो फिरतो तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंवर, म्हणून त्याला वेग घ्यायला काही क्षण लागतात. तेवढा वेळ हवा कमी पडते आणि काळा लोट उठतो. मिरजेच्या मार्गावरच्या शिंदवणे घाटात चढाला हे सगळे एकदम ऐकू यायचे. डब्यातले बोलणे थांबायचे, लोक खिडकीशी यायचे. आंबळे आले की शीळ उतरायची आणि पुन्हा गप्पा सुरू व्हायच्या.

दौंड शटलमध्ये दुधाच्या किटल्या खिडक्यांच्या गजांना लटकलेल्या असत. मांजरी, लोणी, उरुळी, यवत, केडगाव, पाटस, प्रत्येक ठिकाणची माणसे ठरलेल्या डब्यात, ठरलेल्या जागी. गाडीला उशीर व्हायचा, पुष्कळ व्हायचा. पण लांबून भोंगा ऐकू आला की यवतचा माणूस सायकल जोरात मारायचा, आणि आज इंजिन कोणते लागले आहे हे भोंग्यावरून ओळखणारे पासधारक मी पाहिले आहेत. 2017 साली या मार्गावर डेमू, म्हणजे डब्यातच इंजिन असलेली डिझेल गाडी, आली. ती सोयीची होती, पण त्या दिवसांपासून गाडीच्या तोंडाशी वेगळे इंजिन असण्याची गोष्ट दौंडकरांच्या रोजच्या जगण्यातून सुटू लागली.

वाफेच्या इंजिनांना आपण मान दिला. 1855 सालची ‘फेअरी क्वीन’ 1997 मध्ये पुन्हा रुळांवर धावली आणि देशाला तिचा अभिमान वाटला. डिझेलच्या वाट्याला असे काही येत नाही, कारण ते अजून पुरेसे जुने वाटत नाही. आणि जुने वाटेपर्यंत वाट पाहिली तर ते कापून भंगारात गेलेले असेल. एखादे इंजिन रंगवून चौथऱ्यावर उभे केले की काम झाले, असेही कोणी समजू नये. चौथऱ्यावरचे इंजिन मुके असते. चार पावसाळ्यांत त्याचा पत्रा खाल्ला जातो आणि मुले त्यावर नावे कोरतात. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या युनियन या गावी रेल्वे संग्रहालय आहे. 1953 पासून स्वयंसेवकांच्या बळावर उभे राहिलेले. तिथे जुनी डिझेल इंजिने चालती आहेत आणि लोक तिकीट काढून त्यांच्या गाडीत बसतात. पुण्यात रेल्वेवर जीव असलेली माणसे कमी नाहीत. कोथरूडला जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय याच शहरात उभे राहिले आहे.

घोरपडीत ज्यांनी वर्षानुवर्षे शेडचा धूर घरात घेतला, त्यांना माझे हे प्रेम रुचणार नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून मी रोजच्या गाडीचे म्हणत नाही. थंडीच्या दिवसांत, महिन्यातून एका रविवारी, पुणे ते जेजुरी आणि परत अशी एक गाडी, तिला डिझेल इंजिन आणि जुने निळे डबे. तिकीट थोडे जास्त ठेवावे, खंडोबाचे दर्शन घेऊन लोक संध्याकाळी परत येतील. सोमवती अमावस्येच्या गर्दीत तिला घालू नये.

याहून तातडीचे एक काम आहे. आवाज ऐकून कोणता सिलिंडर बिघडला आहे ते सांगणारे फिटर आणि शिंदवण्याच्या चढाला पावसात चाक घसरू न देणारे ड्रायव्हर एकेक करून निवृत्त होत आहेत. त्यांचे बोलणे आणि इंजिनाचा आवाज, दोन्हींचे नीट ध्वनिमुद्रण रेल्वेने आत्ताच करून घ्यावे. त्याला फारसा पैसा लागत नाही. पुणे विभागाच्या व्यवस्थापकांनी यावर आपले म्हणणे आपल्या दैनिकातून कळवावे, अशी विनंती.

आपला,
दौंड मार्गावरचा एक जुना पासधारक,
हडपसर, पुणे