रेकॉर्ड ऑफिसमधल्या त्या व्हॉलंटियर आजींचे मनापासून आभार

माझ्या सासूबाई इंग्लिश, त्यांचे खापरपणजोबा डॉर्सेटमधल्या एका खेड्यात इन, म्हणजे दारू आणि मुक्कामाची सोय असलेली खाणावळ, चालवायचे असं घरात सगळे सांगतात. 1841 च्या जनगणनेत ते सापडले पण मॅजिस्ट्रेटच्या लायसन्स रजिस्टरात नावच नाही, आणि सासूबाई आता खूप थकल्यात, त्यांना ते घर कुठलं हे कळावं म्हणून सगळी धडपड, मी तर रडकुंडीलाच आले होते.

तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या आजी उठून आल्या. म्हणाल्या, अगं, 1830 च्या कायद्यानंतर दोन गिनी भरून एक्साइजचा परवाना घेतला की बिअर विकता यायची, मॅजिस्ट्रेटकडे जायलाच नको, 1869 पर्यंत असंच होतं. मग त्यांनीच टाइथ मॅप, म्हणजे चर्चला द्यायच्या जमिनीवरच्या करासाठी काढलेला गावाचा जुना नकाशा, मागवला, प्रत्येक तुकड्याला नंबर आणि सोबतच्या वहीत तिथे कोण राहतं ते. ते जुनं अक्षर मला लागेना, तर जेवण बाजूला ठेवून एकेक ओळ हळू वाचत बसल्या, मी टाइप करेपर्यंत थांबायच्या. आणि सापडलं हो, बिअरहाउस आणि मागची बाग!

सासूबाईंनी नकाशाचा फोटो उशाशी ठेवलाय. आजी, तुम्ही नाव सांगितलं नाहीत, पण आम्हा सगळ्यांकडून खूप खूप थँक्यू.