मे महिन्याचा कोरा रकाना

साहेब, सप्रेम नमस्कार.

३१ मे रोजी तुम्ही भूजल खात्यातून निवृत्त झालात. शाळेत नाव घालताना गुरुजींनी एक जून जन्मतारीख लावून दिलेली निम्मी सरकारी पिढी याच दिवशी घरी जाते. मे महिन्याची पाणीपातळी घ्यायचे दिवसही नेमके हेच. त्यामुळे हारतुऱ्यांच्या आठवड्यातसुद्धा तुम्ही आमच्या विहिरीच्या कठड्यावरून टेप सोडून वाकलेले होतात. समोर उभं राहून बोलायला जमलं नाही, म्हणून आमच्या पाणी समितीचं हे उघडं पत्र.

आभार पुष्कळ गोष्टींचे मानता येतील, पण मनात बसलाय तो वहीतला एक कोरा रकाना. निरीक्षण विहिरीची, म्हणजे भूजल मोजायला नेमून ठेवलेल्या विहिरीची, पातळी वर्षातून चारदा घेतात: जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. तुमच्या पहिल्याच मे महिन्यात विहिरीवरची मोटर सकाळपासून चालू होती. टेप सोडला, ११.४० मीटर. कुणीतरी म्हणालंही, "लिहून टाका साहेब, खोल दिसलं तर टँकर लवकर मिळेल." तुम्ही शेऱ्यात लिहिलंत, 'मोटर चालू, स्थिर पातळी नाही', आणि आकड्याची जागा मोकळी सोडलीत. मोटर बंद करायला लावलीत आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मोटारसायकलवर परत आलात. रात्रभरात विहीर भरून आली होती. टेप ९.१५ वर ओला. त्यातून कठड्याचे १.०५ वजा, म्हणजे जमिनीपासून ८.१०. सव्वादोन मीटरची तफावत, आणि ती एका मोटरची.

त्या उन्हाळ्यात गाव तुमच्यावर चिडलं होतं, हे आता सांगायला हरकत नाही.

तुमच्या आधी एकजण होते, म्हणजे वहीपुरते होते. मागच्या वर्षीच्या आकड्यात दहा सेंटिमीटर इकडेतिकडे केले की झाली नोंद, विहिरीचं तोंड बघायची गरज नाही. त्यांच्यानंतरचे आले खरे, पण आम्ही कठडा दीड फूट वाढवला तरी जुनीच उंची वजा करत राहिले. वहीत पाणी ४५ सेंटिमीटर खाली गेलं. जमिनीत होतं तिथेच होतं. एवढ्याशा चुकीने काय होतं, याचा हिशेब तुम्हीच मांडून दाखवलात. आपल्या झिजलेल्या, भेगाळ काळ्या खडकातून पाणी सुटतं ते आकारमानाच्या साधारण दोन टक्के. म्हणजे हेक्टरभर जमिनीत पातळी ४५ सेंटिमीटर हलली तर ९० घनमीटर, आणि हजार हेक्टरांत ९०,००० घनमीटर. दहा हजार लिटरच्या टँकरच्या ९,००० खेपा कागदावर गायब! मग तुम्ही पिशवीतून लाल ऑइलपेंटची छोटी डबी काढून कठड्यावर खूण केलीत, शेजारी १.०५ लिहिलंत. टेप कुणीही धरो, इथूनच धरायचा.

बाकीचे धडेही तुमचेच. विहिरीत बोअरचं पाणी सोडलं असेल तर त्या दिवसाची पातळी घेऊन उपयोग नाही. ती विहीर राहिली नाही, हौद झाली. विहिरीचं खोदकाम वाढवलं किंवा तळाशी आडवे बोअर मारले, तर तारखेसकट नोंद हवी, नाहीतर पुढचा माणूस पावसाला दोष देत बसतो. पातळी घ्यायच्या आदल्या संध्याकाळपासून शेजारच्या मळ्यातलीही मोटर बंद, कारण खालची भेग दोघांची एकच असू शकते.

नाल्यावरच्या बंधाऱ्याची जागा तुम्ही नाकारलीत, तेव्हाची काहींची तोंडं अजून आठवतात. साइट सोयीची होती, रस्त्यालगत, ट्रक थेट उतरेल अशी. तुम्ही पात्रातला गाळ फावड्याने बाजूला केलात, खाली अखंड काळा पाषाण. "इथे पाणी साठेल, मुरणार नाही. उन्हाने जाईल," एवढंच म्हणालात. चारशे पावलं वर, काठावर गेरूचा लाल पट्टा दिसतो आणि त्याच्या वरच्या मांजऱ्या, म्हणजे छिद्राळ, खडकातून दिवाळीपर्यंत पाझर असतो, तिथे तुम्ही बोट दाखवलंत. पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला की सहाशे फुटांचं बोअर मारणाऱ्या गावाला हे पचायला वेळ लागला. शेतीसाठी ६० मीटरखाली जायला कायद्याने बंदी आहे हेही तुम्ही सांगून पाहिलंत. त्यावर मात्र अजून कुणी ऐकत नाही, खोटं कशाला बोलायचं.

भला अधिकारी म्हणजे गोड बोलणारा, सही लवकर देणारा, असंच आम्ही धरून चाललो होतो. तुम्ही फारसे बोलायचा नाहीत, आणि आम्हाला हवा तो आकडा तर कधीच दिला नाहीत. पण आता ऑक्टोबरचा आकडा फळ्यावर लागतो आणि उन्हाळी कांदा किती लावायचा ते त्यावर ठरतं. आकडा कोणाचा, असं कोणी विचारत नाही.

पुढची नोंद ऑक्टोबरची. नवीन साहेब कोण येतात ठाऊक नाही. मोटर आदल्या संध्याकाळीच बंद करू, कठड्यावरची खूण पावसाने फिकी झाली असेल तर नव्याने रंगवू. तुमची डबी समितीच्या कपाटात राहिली आहे, ती मागू नका.

आपली,
गावची पाणीपुरवठा समिती