सिरॅमिक कोटिंग विकताना खरे सांगा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दसरा जवळ आला की शोरूममध्ये नव्या गाड्यांसाठी गर्दी होते आणि ओळखीपाळखीची माणसे मला एकच प्रश्न विचारू लागतात : गाडीला सिरॅमिक कोटिंग करून घ्यावे का? मी पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांच्या पेंट शॉपमध्ये ३१ वर्षे काम केले असून निवृत्तीनंतर रत्नागिरीजवळ गावी राहतो. गाडीचा रंग हा माझ्या पोटापाण्याचा विषय होता, म्हणून या प्रश्नाचे उत्तर आपल्या पत्रातून सविस्तर द्यावेसे वाटते. कोटिंग उपयोगाचे आहे, हे मी आधीच मान्य करतो. पण ज्या गुणांच्या नावावर ते गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारले जाते, त्यांतले बरेचसे गुण त्याच्यात नाहीत, आणि हे विकणाऱ्यांनी सांगितले पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

गाडीचा रंग म्हणजे एकच एक थर नव्हे. पत्र्यावर फॉस्फेटची प्रक्रिया होते, मग आख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने ईडी कोट बसवला जातो आणि तो भट्टीत भाजला जातो. त्यावर प्रायमर, त्यावर रंग देणारा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन भरते, म्हणजे डोक्याच्या दीड केसाइतकी जाडी. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो आणि चमक, ऊन, ओरखडे हे सगळे तोच सोसतो. सिरॅमिक कोटिंग म्हणजे सिलिकायुक्त द्रव; तो या क्लिअर कोटवर हाताने पुसून लावतात आणि हवेतल्या ओलाव्याने तो कडक होऊन घट्ट धरतो. त्याची जाडी बहुधा एक-दोन मायक्रॉनच्या पलीकडे जात नाही. हे प्रमाण लक्षात ठेवले, तर पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

जाहिरातीत सर्वांत ठळक असतो तो ‘९एच’ हा शब्द. ऐकणाऱ्याला वाटते की हा हिऱ्याच्या खालोखाल कठीणपणा झाला, कारण शाळेत शिकलेल्या मोहस् मापनात हिरा दहावर असतो. प्रत्यक्षात ९एच हे पेन्सिलचे माप आहे. आमच्याकडे ही चाचणी नित्याची होती : पेन्सिलचे टोक सँडपेपरवर सपाट घासून घ्यायचे, ती ४५ अंशांत धरायची, ७५० ग्रॅमचा भार देऊन रंगवलेल्या पत्र्यावरून पुढे ढकलायची आणि जी सर्वांत कठीण पेन्सिल ओरखडा न काढता सरकेल, तो त्या रंगाचा कठीणपणा लिहायचा. पेन्सिलमध्ये असते ग्रॅफाइट आणि चिकणमाती. रस्त्यावरच्या धुळीत मात्र गारगोटीची रेव असते आणि ती मोहस् मापनात सातावर आहे. ९एचच्या पेन्सिलला दाद न देणारा थर त्या रेवेपुढे टिकतोच असे नाही. शिवाय खाली मऊ क्लिअर कोट आणि वर एक मायक्रॉनचा थर, अशा रचनेत दाब खालच्या थरावरच जातो. गादीवर पातळ काच ठेवून वर पाय दिला तर काय होईल, हे कोणालाही कळते. महामार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकातून उडालेली खडी अशा थराला अडवता येत नाही. त्यासाठी पीपीएफ नावाची पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म मिळते. ती १५० ते २०० मायक्रॉन जाड असते आणि तिची किंमतही तशीच असते.

माझ्या पुतण्याने मागच्या वर्षी गणपतीच्या तोंडावर कोल्हापुरात गाडी घेतली. शोरूमच्या माणसाने ‘पाच वर्षे रंगाकडे बघायला नको, ओरखडा उठणार नाही, गंजणार नाही’ असे सांगून कोटिंगचे ३२ हजार रुपये गाडीच्या बिलातच धरले. सकाळी कोटिंग झाले, संध्याकाळी चावी मिळाली आणि त्याच रात्री भर पावसात आंबा घाट उतरून गाडी गावी आली. ताज्या कोटिंगला निदान एक दिवस कोरड्या छपराखाली ठेवावे लागते आणि पुढचा आठवडाभर धुणे टाळावे लागते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. दिवाळीला तो परत आला, तेव्हा बॉनेटवर पाण्याच्या थेंबांचे पांढरे गोल वाळलेले होते आणि उन्हात तिरके पाहिले की कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसत होत्या. वॉरंटीचे कार्ड वाचले, तर ओरखडे आणि पाण्याचे डाग त्यातून वगळलेले, आणि दर सहा महिन्यांनी पैसे भरून देखभाल करून घेतली नाही तर वॉरंटी रद्द, असे बारीक अक्षरांत छापलेले होते.

त्या रेषा कशाने आल्या, हे मी त्याच्या सोसायटीत गेलो तेव्हा डोळ्यांनी पाहिले. सकाळी सहाला एक मुलगा बादली घेऊन येतो आणि एका बादलीत, एकाच फडक्याने दहा-बारा गाड्या पुसतो. तिसऱ्या गाडीपर्यंत पाणी गढूळ होते आणि फडक्यात बसलेली रेव पुढच्या प्रत्येक बॉनेटवरून गोल गोल फिरते. त्या मुलाचा यात दोष नाही. त्याला महिन्याला जे मिळते त्यात दुसरी बादलीही परवडत नसेल. पण ज्याची गाडी रोज अशी पुसली जाते, त्याने कोटिंगवर पैसे घालू नयेत, असे मी स्पष्ट सांगतो. त्याच पैशातला अगदी थोडा भाग त्या मुलाला दोन बादल्या आणि चार मायक्रोफायबरची फडकी घेऊन देण्यात घातला, तर रंग अधिक टिकेल. पाण्याचे पांढरे डाग हा वेगळा मामला आहे. बोअरच्या जड पाण्यात क्षार असतात. कोटिंगवर पाणी थेंबाथेंबाने उभे राहते आणि उन्हात वाळले की क्षार तिथेच गोल करून बसतात. म्हणजे कोटिंग केलेली गाडी धुतल्यावर लगेच कोरडी करावीच लागते.

मग त्याचा फायदा कोणता? मी स्वतःच्या गाडीवर प्रयोग करून पाहिला. बॉनेटचा उजवा अर्धा भाग स्वच्छ करून, हलके पॉलिश मारून त्यावर बाटलीतले कोटिंग लावले आणि डावा अर्धा तसाच ठेवला. माझी गाडी आंब्याखाली उभी असते. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा रोज टपावर आणि बॉनेटवर पडतो आणि राहू दिला तर त्यावर काळी बुरशी धरते. उजव्या भागावरचा चिकटा साध्या पाण्याने आणि ओल्या स्पंजने निघे. डाव्या भागावर कोमट पाणी, शांपू आणि बरेच चोळणे लागे. चोळणे कमी झाले की रेषाही कमी पडतात, आणि कोटिंगचा खरा लाभ हाच आहे. जांभ्याची लाल धूळही उजवीकडून सहज जाई. मे महिन्यात पक्ष्याची विष्ठा दोन दिवस पुसायची राहिली, तेव्हा मात्र दोन्ही भागांवर सारखाच डाग उमटला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर उजवीकडचे थेंब पूर्वीइतके गोल राहिले नाहीत.

आमच्या कोकणात गंजाच्या नावाने कोटिंग विकले जाते, याचे मला सर्वांत वाईट वाटते. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी गाडी गंजते ती चाकांच्या कमानींच्या आत, दारांच्या खालच्या कडेला आणि चिखलाने बुजलेल्या पाणी निघण्याच्या भोकांपाशी. तिथे कोटिंगचा फडका पोचतच नाही. गंज रोखण्याचे काम कारखान्यातला ईडी कोट करतो, आणि आपल्या हातात उरते ते खालून चिखल धुऊन काढणे, ती भोके मोकळी ठेवणे आणि खडीने उडालेला टवका वेळेवर टच-अप करणे.

ज्याची गाडी गडद रंगाची आहे, झाडाखाली किंवा उघड्यावर उभी राहते, जो ती स्वतः नीट धुतो आणि पाच-सहा वर्षे वापरणार आहे, त्याने चांगल्या कारागिराकडून, गर्दीचा मुहूर्त टाळून कोटिंग करून घ्यावे. इतरांना साधे वॅक्स किंवा सीलंट दर काही महिन्यांनी लावले तरी पुरते. कोटिंगआधी जोरात बफिंग, म्हणजे यंत्राने रंग घासून पॉलिश, करणाऱ्यापासून सावध राहावे, कारण त्यात क्लिअर कोटचेच काही मायक्रॉन जातात आणि ते परत येत नाहीत.

विक्रेत्यांकडे माझी मागणी साधी आहे. कोटिंगचे बिल गाडीच्या बिलापासून वेगळे द्यावे, त्यावर उत्पादनाचे नाव आणि किती थर लावले ते लिहावे, ओरखडे, खडी आणि गंज यांपासून संरक्षण मिळत नाही हे मराठीत छापावे आणि वॉरंटीच्या अटी पैसे घेण्याआधी वाचायला द्याव्यात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या दिलेली आहे, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पुतण्याला त्या क्रमांकावर तक्रार नोंदवायला मी सांगितले असून, सोबत जोडायला वॉरंटी कार्डाची प्रत आणि बॉनेटची छायाचित्रे काढून दिली आहेत.

आपला नम्र,
एक वाचक, रत्नागिरी